सहा शाली आणि एक हाक

मी एक जुना अल्बम आहे, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मोडक्या छत्रीला ते शोभतं. मला ते जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी फोटोंचा अल्बम नव्हे, वाजवण्याचा. गाण्यांचाही नव्हे, कारण माझ्यात कुणी गातच नाही. गिटार आहे, बेस आहे, ड्रम आहेत, कीबोर्ड आहे, बासरी आहे आणि आपलं डफडं आहे. ही सगळी वाद्यं एकाच माणसानं वाजवली आहेत. तिचं नाव करिष्मा. वडनेर भोलजीला भाजीपाला पिकवणारे निवृत्ती आणि विमलबाई, त्यांची ही मुलगी. एवढी साधी गोष्ट, पण लोकांना ती पचता पचत नाही.

करिष्मा नांदुऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात गायिका म्हणून गेली होती. पहिल्याच हंगामात तिचा आवाज बसला, तो कायमचा. मालकानं तरी तिला काढलं नाही, कारण ऑर्केस्ट्रात रोज कुणी ना कुणी दांडी मारतोच. ड्रमवाल्याच्या घरी लग्न, बेसवाला तापानं फणफणलेला, कीबोर्डवाला दुसऱ्या पार्टीत पळालेला. ज्याची जागा रिकामी, तिथं करिष्माला बसवायचे. दुसऱ्यांच्या दांड्यांनी तिला सगळी वाद्यं शिकवली.

माझा जन्म कांदाचाळीत झाला. कांदे विकून चाळ रिकामी झाली, तेव्हा तिनं फळ्यांच्या फटींवर बारदान ठोकलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. आधी ड्रम वाजवून ठेवायचे, मग ते कानात ऐकत त्यावर बेस, त्यावर गिटार. लाइट गेली की थांबायचं, आली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा बासरी ऐन रंगात आली होती आणि दारातून विमलबाईंची हाक आली, "करिष्मा वं, भाकर थंडी होऊन राह्यली, ये ना जेवाले!" ती हाक थेट माझ्यात उतरली. करिष्मानं ते पुन्हा ऐकलं, हसली आणि हाक तशीच राहू दिली. अख्ख्या अल्बमात माणसाचा आवाज काय तो तेवढाच.

मग मी गाजलो. खामगावच्या होस्टेलांत वाजलो, पुण्यात पोचलो. मला ऐकून कित्येकांनी गिटार हातात धरली. वऱ्हाडातला रॉक म्हटलं की लोक माझं नाव घेऊ लागले. गावातले जीपवाले मात्र मला निम्मा ऐकून विचारायचे, "गानं कवा सुरू होते बे याचं?" त्याचं मला वाईट वाटलं नाही. ऐकत तर होते बिचारे.

वाईट पुढं झालं. माणिकराव म्हणजे गावच्या मंडळाचे अध्यक्ष आणि बी-बियाण्याच्या दुकानाचे मालक. त्यांनी सत्कार ठरवला. त्यांचा हिशेब सरळ होता. वाद्यं सहा, म्हणजे वाजवणारे सहा. त्यांनी सहा शाली आणि सहा नारळ आणले, आणि करिष्मासाठी वेगळी साडी. बाई आहे, म्हणजे गातच असणार! करिष्माला आता गाता येत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर कान काय कामाचे?

मांडवात करिष्मानं त्यांना सांगितलं, "काका, समदं म्या एकटीनंच वाजवलं."

"असन माय," माणिकराव म्हणाले, "पन पाहुने येऊन बसले. आता शाली काय वापस नेऊ?"

आणि समोर दिसतील त्या सहा जणांच्या खांद्यावर त्यांनी त्या घातल्या. पहिली आपल्या पुतण्याच्या, कुलदीपच्या. शेवटची मांडववाल्याच्या. मग माइकवरून घोषणा झाली, "आता करिष्माताई आपल्यासाठी दोन ओळी म्हणतील." ती माइकसमोर मुकाट उभी राहिली. बायका म्हणाल्या, लाजली वाटते. कसली लाजते! रागानं लाल झाली होती ती.

पेपरात फोटो आला, सहा वादक आणि एक गायिका. कुलदीपला त्या शालीची ऊब अशी चढली की थोड्याच दिवसांत त्यानं माझी नवी आवृत्ती काढली. कव्हरवर सहा नावं, गिटार उलटी धरलेला कुलदीप, आणि आतून विमलबाईंची हाक कापलेली. "मधात घान आवाज येऊन राह्यला होता," म्हणे. आईच्या हाकेला घाण म्हणणाऱ्याच्या तोंडाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

 करिष्मानं ड्रम पोत्यांत गुंडाळले आणि चाळीत पुन्हा कांदे भरले. विमलबाईंना मात्र गप्प बसवेना. पहिली सीडी, म्हणजे मी, त्यांच्याजवळ होतो. मला पदराखाली घेऊन त्या भर बाजाराच्या दिवशी माणिकरावांच्या दुकानात शिरल्या. गल्ल्यावर कुलदीप होता, शेजारी माणिकराव, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. विमलबाईंनी मला लावायला सांगितलं. बासरी सुरू झाली, हाक आली, तशा त्या बोलल्या.

"आयका माणिकभाऊ. हे माही हाक. तुमचे सहा जन त्या चाळीत वाजवत होते ना? मंग सहा जन उपाशी बसेल असतांनी म्या माह्या एकट्या पोरीलेच जेवाले बलावलं असतं काय? तुमी जेवले हाय माह्या घरी. कोनाले उपाशी जाऊ देल्लं म्या आजलोक? सांगा ना!"

 कुलदीप युरियाच्या पोत्यावरची अक्षरं वाचू लागला. माणिकरावांनी विमलबाईंच्या हातचं भरीत कितीदा खाल्लं होतं, ते त्यांनाच ठाऊक. खाली बघत ते म्हणाले, "वहिनी, बराबर हाय तुमचं. पन पेपरात छापून गेलं ना आता."

छापून गेलं! म्हणजे संपलं. कुलदीप आजही 'कलावंत' म्हणून फिती कापत फिरतो. ती कापलेली आवृत्ती आजही मोबाइलवर वाजते. आणि वडनेरच्या त्या चाळीत आजही नुसते कांदे आहेत. करिष्माचा दुसरा अल्बम झालाच नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मला नका जपू. धूळ बसू द्या, ओरखडे पडू द्या. फक्त मी कुठं कानावर पडलो तर बासरीच्या मध्ये एक हाक आहे का, ते बघा. नसेल तर ऐकवणाऱ्याला विचारा, ती कुठं गेली. असेल तर नीट ऐका. माझ्यात शब्द नाहीत असं लोक म्हणतात. एक वाक्य आहे. त्यात नाव एकच आहे, आणि ते तिच्या आईनं घेतलेलं आहे.