रुजुवात

“हे पान राहू दे, प्रमोदिनी,” क्लिप लावलेल्या पानावर बोट दाबून ग्रॅहम म्हणाला. “बाकी सगळं घ्या.”

आमच्या सासूबाई चष्म्यावरून बघायला लागल्या की समजावं, आता काही खरं नाही. छत्तीस वर्षं पुण्याच्या कोर्टात कागदपत्रांच्या नकला काढलेली बाई! न्यूझीलंडमध्ये लोअर हटला आमच्याकडे येऊन सहा महिने होतात न होतात, तोच शेजारच्या या एकट्या म्हाताऱ्याशी त्यांची गट्टी जमली. दर गुरुवारी तो त्यांना गाडीतून लायब्ररीत न्यायचा. मी आणि माझा नवरा देवव्रत दिवसभर ऑफिसात; त्यांना इथे बोलायला दुसरं होतं कोण?

डायरी ग्रॅहमच्या पणजोबांची. ऑस्ट्रेलियात पाच हजार मेंढरं हाकत नव्या वसाहतीपर्यंत नेली, त्या प्रवासाची. त्यांच्या कुळात या पणजोबांचा केवढा मान! मार्चमध्ये ऐंशी नातेवाईक जमणार होते आणि प्रत्येकाला प्रत द्यायची होती. आईंनी दोन महिने माझ्या कॉम्प्युटरवर खपून सगळी डायरी उतरवली. क्लिपचं पानसुद्धा. आता प्रती काढायच्या वेळी ग्रॅहमला ते नको होतं.

त्या पानावर एक पाणवठा होता. तिथल्या मूळ लोकांचं तेवढंच पाणी. मेंढरं उतरली तशी ती माणसं भाले घेऊन आडवी आली आणि पणजोबांच्या लोकांनी बंदुका चालवल्या.

“पान गाळलं तर ती नक्कल नव्हे,” आई म्हणाल्या. “मी सही करणार नाही.”

“सही मागितलीय कोणी?” ग्रॅहम लालबुंद झाला. डायरी काखोटीला मारून तडक निघून गेला.

मी वैतागले. “आई, कशाला हो? त्यांच्या घरचं, ते बघून घेतील. तुमचा एक तर मित्र इथे!”

“माणसं मेलीत गं तिथं,” त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

पुढचे दोन गुरुवार त्या कार्डिगन घालून, पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. गाडी शेजारी उभी होती. हॉर्न काही वाजला नाही. पण बाई हटेल तर शपथ!

तिसऱ्या गुरुवारी दार वाजलं. डायरी घेऊन ग्रॅहम उभा.

“किया ओरा,” इथला माओरी नमस्कार तो पुटपुटला. “तुमच्या पद्धतीने करू.”

आईंची पद्धत म्हणजे रुजुवात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर पट्टी धरून शब्दन्‌शब्द ताडायचा. मग दोघांच्या सह्या. वाचायचं काम आईंनी ग्रॅहमला दिलं.

मेंढरं, नद्या, ताप, पाऊस, तो खणखणीत वाचत गेला. मग क्लिपचं पान आलं.

“पाण्यापाशी ते सर्व... सर्व पडले. सात.” तो थांबला.

आईंनी मान वर केली नाही. “आकडी की अक्षरी?”

“आकडी.”

“पुढे.”

“त्यात एक बाई. पाठीवर मूल.” आईंची पट्टी एक ओळ खाली सरकली. मी ओट्याशी कप विसळत होते, नळ बंद केला.

“संध्याकाळी बेस मेली. इतकी गुणी कुत्री पुन्हा मिळणे नाही.”

ग्रॅहमने डायरी मिटली. “कुत्रीचं नाव लिहिलंय,” तो म्हणाला. “त्या सातांची घालता येतील?”

“मुळात नाहीत,” आई हळूच म्हणाल्या. “मला घालता यायची नाहीत.”

त्यांनी शेवटच्या पानाखाली ‘नक्कल करणार’ लिहून सही केली आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. ‘रुजुवात घेणार’ या जागी ग्रॅहमने आपलं संपूर्ण नाव लिहिलं, पणजोबांच्या आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून.