तोंड नसलेला पावणा

घाबरू नका, मित्रांनो. माझे डोळे बशीएवढे आहेत, रंग शेवाळी आहे आणि डोक्यावर दोन शिंगंही आहेत, पण मी कुठल्या ग्रहावरून वगैरे आलेलो नाही. कोल्हापुरातल्या एका तालमीच्या माळ्यावर पडलेला मी एक जुना मुखवटा आहे. माझ्या डाव्या कानाच्या आत डोकावलंत तर कुस्तीच्या मैदानाची बातमी अजून वाचता येईल. कारण मी जुन्या वर्तमानपत्रांचा आणि खळीचा बनलो आहे.

तीन वर्षांपूर्वी तालमीनं गणपतीत सजीव देखावा करायचा ठरवला. नाव ठेवलं ‘आभाळातला पावणा’. मला घडवायचं काम शशिधर पेंटरकडे आलं आणि तिथंच घोळ सुरू झाला. परग्रहावरचा माणूस दिसतो कसा? प्रत्येकानं वेगळा सिनेमा बघितलेला! तालमीचे अध्यक्ष बाळासो म्हणाले, “हिरवाच पायजे. परग्रहवाला म्हंजे हिरवा, विषय संपला.” कुणी म्हणे डोकं भोपळ्याएवढं हवं, कुणाला टोकदार कान हवे होते, कुणी शिंगांवर अडून बसलं. कोल्हापूरकर वादाला बसला की ऐकतोय होय! बिचाऱ्या शशिधरनं कुणाचंच मन मोडलं नाही. सगळ्यांचं सगळं माझ्या एका डोक्यावर बसवलं. श्वासाला नाकपुड्यांची भोकं ठेवली, बघायला डोळ्यांना जाळी लावली. तोंडाचं मात्र कुणी बोललंच नाही. सिनेमातली ही मंडळी जेवता-खाताना दिसतात कुठं? शशिधरनं ब्रशनं एक बारीक रेघ ओढली आणि झालं माझं तोंड.

आता मला घालणार कोण? आत भट्टीसारखं उकडायचं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मागे पडद्याला टाके घालत बसलेला एक माणूस हळूच म्हणाला, “मी घालतो की.” त्याच्या तोंडावर टॉवेल गुंडाळलेला होता. तो ज्ञानू.

ज्ञानू गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे ठरवणारा जाणता माणूस. तालमीच्या आधीच्या देखाव्यांत त्याचा आवाज चौकाच्या पलीकडं ऐकू जायचा म्हणे. मी घडायच्या दोन वर्षं आधी उकळता रस उडाला आणि त्याचा डावा गाल, कानापर्यंत, भाजून निघाला. जखम भरली. पण एकदा किराणा दुकानात त्याला बघून एक लहान पोर किंचाळलं आणि आईच्या पदरात शिरलं. त्या दिवसापासून ज्ञानूच्या तोंडावर टॉवेल आला. गुऱ्हाळ सुटलं, लोकांच्या हाका थांबल्या. गल्लीत राहून तो गल्लीत नव्हता.

आणि माझ्या आत शिरल्यावर? काय सांगू तुम्हाला! पहिल्याच संध्याकाळी तो पत्र्याच्या तबकडीतून असा काही लुटूलुटू उतरला की चौकात हशा पिकला. पोरं हात मिळवायला धावली. बाया कडेवरची लेकरं पुढं करून फोटो काढू लागल्या. ज्याला बघून माणसं नजर वळवत, त्याला बघायला आता रांग लागली होती. आत तो खुदुखुदू हसायचा आणि ते हसू एकट्या मला ऐकू यायचं. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, ही रांग माझीच आहे.

पाचव्या दिवशी मात्र आक्रीत घडलं. गल्लीच्या टोकाला म्हशी पाळणाऱ्या चिमणाबाई आहेत, सगळे त्यांना आक्का म्हणतात. देखावा ऐन रंगात असताना त्या पितळी पेला घेऊन थेट स्टेजवर चढल्या. पेल्यात नुकतंच काढलेलं फेसाळ दूध होतं.

“पावणं, एवढं दूध घ्या.”

ज्ञानूनं हात जोडून मान हलवली. लोकांना वाटलं, हाही देखाव्यातलाच भाग. टाळ्या पडल्या. बाळासो धावत आले. “आक्का, काय करालाय? देखावा चाललाय!”

“मग? देखावा हाय म्हणून माणसाला तहान न्हाय व्हय?” आक्का कडाडल्या. “पाच दिस बघालोय मी. घामानं भिजून निघालंय बिचारं, आणि एकानं पाणी इचारलं न्हाय. आमच्या दारातनं पावणा उपाशी जाईत न्हाय.”

पेला परत करायचा तर आक्कांचा अपमान. ज्ञानूनं गडबडीत तो माझ्या रंगवलेल्या रेघेला लावला. दूध हनुवटीवरून घरंगळलं. लोक पोट धरून हसले. आक्का वाकून बघतात तर काय!

“आरं, ह्याला तोंडच केलं न्हाय! काढ बाबा ते डोस्कं आणि पी.”

मित्रांनो, ज्ञानूचे हात माझ्या कानांवर आले. खाली गेले. पुन्हा वर आले. त्याचं काळीज असं धडधडत होतं की माझा कागद हादरला. मला मनापासून वाटलं, नको रे काढू. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तू काढलंस तर मी नुसता लगदा.

त्यानं मला काढलं.

पुढच्या रांगेतली टाळी अर्ध्यावर थांबली. काहींनी माना खाली घातल्या. आक्कांनी मात्र कपाळाला हात लावून त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

“ज्ञानू व्हय तू? आरं मुडद्या, गल्लीत राहून दोन वर्सं पावणा झालास? घे, दूध निवालंय.”

तो घटाघटा प्याला. दूध आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं. तेवढ्यात रोज माझा हात धरायला येणारी एक चिमुरडी कठड्याशी आली. त्याच्या गालाकडे बोट दाखवून म्हणाली, “तुला लागलंय व्हय?”

ज्ञानू कठड्याशी वाकला. मग म्हणाला, “व्हय. पण आता दुखत न्हाय.”

“मग हात दे की,” ती म्हणाली. आणि रोजच्यासारखाच तिनं त्याचा हात धरून हलवला.

विसर्जनानंतर शशिधर करवत घेऊन आला. त्याला माझं तोंड कापून आपली चूक सुधारायची होती. ज्ञानूनं त्याचा हात धरला. “ऱ्हाऊ दे तसंच,” तो म्हणाला. “ह्याला तोंड असतं, तर मी माझं दाखवलं नसतं.”

पुढच्या वर्षी त्यानं देखाव्यात उघड्या तोंडानं पाटलाचं काम केलं आणि मी माळ्यावर आलो. शिंग वाकलंय, रंगाचे पोपडे सुटलेत. सुरुवातीला मी फार रुसलो होतो. आता नाही. खालून ज्ञानूचा आवाज येतो, पार चौकाच्या पलीकडं जाणारा, आणि मला कळतं की माझी गरज नाही.

म्हणून, मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. आभाळातल्या पावण्याला तुम्ही रांग लावून हात मिळवता. तुमच्या गल्लीत कुणी तोंडावर टॉवेल घेऊन खालमानेनं जात असेल, तर आधी त्याला नावानं हाक मारा. मला खुशाल धूळ खाऊ द्या.