पोथीतली शेवंती

आमच्या सूनबाईची, पद्मजाची, त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर डिप्लोमाची प्रॅक्टिकल होती. एकदा नापास होऊन राहिली होती. या खेपेला राहिली तर वर्षच गेलं. सकाळपासून कागद पुढं घेऊन तिचं एकच गाऱ्हाणं, "आई, प्रोग्राम सबरूटीनला जातो, पण परत येत नाही. भलतीकडंच भरकटतो."

"म्हणजे कोण कुठं जातं गं?"

"यंत्र हो. मोठं काम करता करता मधेच एका छोट्या कामाला, म्हणजे सबरूटीनला, जातं. जाताना, परत कुठं यायचं तो पत्ता उतरंडीवर ठेवतं, मडक्यावर मडकं ठेवावं तसा. काम झालं की सगळ्यात वरचं उचलायचं आणि तिथं परतायचं."

"आमच्या मुकुंदवाडीच्या पाहुण्यांना शिकवा हे," आमचे हे पेपराआडून म्हणाले. "येतात, पण परतायचं नाव नाही."

मी पोथीला बसले. अध्याय पुरा होईस्तोवर बोलायचं नाही असा माझा नेम. मधेच सांडू दूधवाल्यानं हाक दिली. वाचत होते तिथं तुळशीचं पान घातलं, पोथी मिटली, दूध घेतलं. परत येऊन खूण पाहून पोथी उघडली आणि वाचू लागले.

"आई," पद्मजा दाराशी आली, "हा अध्याय तर सोमवारी झाला ना?"

पाहते तर तिथं तुळस नव्हतीच, शेवंती होती.

"अगंबाई, ते मी आत्ताच ठेवलं, तुम्ही दुधाला गेलात तेव्हा! देवावरचं फूल खाली पडलेलं, पायाखाली नको म्हणून... तुमचं पारायण मोडलं का हो?"

आधीच परीक्षेची धास्ती, त्यात हे. मी नेम बाजूला ठेवून बोलले, "काही मोडत नाही. फूल ठेवलंस ते चांगलंच केलंस. फक्त मी उघडायच्या आधी काढून घ्यायचं."

ती कागदाकडं धावली.

"काढायचं! आई, मीही तेच केलंय. छोट्या कामात एक आकडा उतरंडीवर ठेवला अन् उचललाच नाही. यंत्र त्यालाच पत्ता समजून निघालं!"

तिनं तो आकडा उचलायची एक ओळ वाढवली. मी तुळशीचं पान शोधून पुढं वाचलं.

संध्याकाळी ती आली ती चपला न काढता उंबऱ्यातच बसली.

"प्रोग्राम परतला का गं?"

"परतला. उत्तरही बरोबर. परीक्षेच्या साहेबांनी विचारलं, ही ओळ कशाला? मी नीट सांगितलं."

"म्हणजे पास?"

"तसं लगेच सांगत नाहीत हो. पण मान डोलावली त्यांनी."

आमचे हे काहीतरी विचारणार होते. मी खुणेनंच थांबवलं. सकाळपासून पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. आधी पान वाढलं.