नाही म्हणू शकणारा गवंडी

कल्पना करा, नवी सायकल घेऊन तुम्ही दारात उभे आहात. मावशी येते आणि म्हणते, "बाळा, ही मला दे." आणि तुम्हाला नाही म्हणताच येत नाही. म्हटलंत, तर अख्खं गाव तुमच्याशी बोलणं टाकेल. ओनोतोआ बेटावर नातलगांच्या अशा मागण्याला बुबूती म्हणतात. आता सायकलच्या जागी सिमेंट ठेवा, आणि या तेरेंगाच्या अंगणात.

तेरेंगा दवाखान्यात नर्स. भर दुपारी ती आपल्या नव्या पाण्याच्या टाकीला तळहात लावून उभी होती. तळहात ओला झाला. तीन दिवसांपूर्वी पाऊस होऊन टाकी काठोकाठ भरली होती. आज तळाशी बादलीभर पाणी उरलं होतं.

"तोकाराके, बारा पोती होती ना रे?"

टाकी बांधणारा चुलतभाऊ मान खाली घालून म्हणाला, "होती, ताई."

"मग?"

"तीन आत्याने नेली, आजीच्या थडग्याला. दोन चर्चच्या पायऱ्यांना. दोन मेव्हण्याने, डुकरांच्या गोठ्याला. बुबूती केली गं त्यांनी. उरलेल्यात वाळू वाढवून भागवलं. डागडुजीला राखलेलं एक पोतं तेवढं शिल्लक आहे."

"डुकरांना पक्की जमीन, आणि माझ्या तिओतीला खारं पाणी!"

"तू नाही म्हणाली असतीस?"

 गेल्याच महिन्यात तेरेंगाने स्वतःची मच्छरदाणी अशीच काढून दिली होती. तोकाराकेने चिमूटभर सिमेंटही स्वतःसाठी घेतलं नव्हतं. घरचा माणूस, प्रामाणिक, म्हणूनच तर तिने त्याला निवडलं होतं.

समुद्राची मोठी भरती येऊन गेल्यापासून विहीर खारावली होती. दोन वर्षांच्या नातवाला, तिओतीला, तिसरा आठवडा जुलाब होत होते. त्याचे हात आगपेटीच्या काड्यांसारखे झाले होते. आणि सिमेंट आणणारं जहाज तीन महिन्यांनी येणार होतं.

ती तडक सेमूकडे गेली. सेमू शेजारच्या तुवालू देशातून आलेला गवंडी. बेटावर त्याच्याकडे बुबूती करणारं नात्याचं कुणीच नव्हतं; पण परका म्हणून त्याला कुणी काम देत नसे. "कोण कुठला!" असं तेरेंगाही म्हणाली होती.

"आत्ता आठवण झाली का, सिस्टर?" जाळं विणता विणता त्याने विचारलं.

"टोमणे नंतर मार. एक पोतं उरलंय."

"एका पोत्यात टाकी होत नाही. आतून गुडघाभर गिलावा होईल. पुढच्या पावसाचं तेवढं पाणी टिकेल."

"एका लेकराला पुरेल?"

सेमूने जाळं खाली ठेवलं. "पुरेल. पाणी पडलेलं सिमेंट तासाभरात लावावं लागतं, नाहीतर दगड होतो. पण त्याला पाणी गोडच लागेल, आणि ते आहे कुठे?"

"बादलीभर आहे. आधी तिओतीसाठी काढू, मग तुला."

सेमूने टाकीतलं पाणी बादलीत उपसून घेतलं. धुतलेल्या वाळूशेजारी पत्र्यावर पोतं आणून ठेवलं, त्याचं तोंड फाडलं आणि भिंत खरवडायला तो टाकीत उतरला. तिओतीची दहा वर्षांची बहीण रेरेया बादलीपाशी बसली.

तेवढ्यात आत्या आली. रिकामी हातगाडी ढकलतच.

"तेरेंगा, पोरी, आजीच्या थडग्याला एकच पोतं कमी पडतंय बघ. बुबूती आहे माझी."

टाकीतून सेमूचं डोकं वर आलं. "सिस्टर, नाही म्हणा!"

"तुझं काय जातंय रे, परक्या? आजी काय तुझी होती?" आत्या म्हणाली. मग तेरेंगाकडे वळून हळू आवाजात, "तुला न्हाऊमाखू घातलं तिने. विसरलीस?"

तेरेंगा विसरली नव्हती. घरातून तिओतीचं रडणं ऐकू येत होतं. रडणं कसलं, मांजराच्या पिलाचं कण्हणं.  तरी 'नाही' हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना.

"ने, आत्या," ती म्हणाली.

आत्या पोत्याकडे वाकली.

रेरेया उठली. तिने एकदा तेरेंगाआजीकडे पाहिलं, एकदा घराच्या अंधाऱ्या दाराकडे. मग दोन्ही हातांनी पोतं पत्र्यावर उलटं केलं, बादली उचलली, त्यातलं सगळं पाणी, अगदी तिओतीच्या वाट्याचंसुद्धा, सिमेंटवर ओतलं, आणि कुणाकडेही न बघता फावड्याने वाळू ओढून कालवायला लागली.