दाराशेजारची वेताची खुर्ची

मी सहजीवन सोसायटीच्या लॉबीतली वेताची खुर्ची बोलतेय. खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. माझ्या हातावर बोट टेकवून इथल्याच रुचिराने तसं बजावलंय. पण उपकार मनात दडवून ठेवणं मला जमत नाही, म्हणून सांगते.

मुलुंडच्या एका सुताराने मला सागवानी चौकटीत वेत विणून घडवलं. नाहूरच्या या सोसायटीच्या ऑफिसात मी कितीतरी वर्षं रुबाबात होते. वेत सैल पडला, तशी मला खाली लॉबीत आणून ठेवलं.

तिथे मला माणसं कळली. 'दोनच मिनिटं टेकतो' म्हणणारा अर्धा तास उठत नाही. मुलं लांबूनच दप्तर फेकतात. आणि रोज सकाळी दहाला वनमालाताई येतात. तिसऱ्या मजल्यावर कुंदाकाकूंकडच्या पोळ्या उरकून सहाव्या मजल्यावरच्या कामाची वेळ होईपर्यंत त्या माझ्यावर बसतात.

"हंय बसल्यार पायांक बरां वाटता गो," त्या एकदा रुचिराला म्हणाल्या. रुचिरा नुसती हसली. ती नववीत आहे. बोलते कमी, बघते जास्त.

यंदा लॉबी नवी करायचं ठरलं, आल्यागेल्याला प्रसन्न वाटावं म्हणून. आराखडा रुचिराच्या बाबांनी, विद्याधररावांनी, मोठ्या हौसेने काढला. काचेचं दार, आरसा, पांढरा सोफा. सोफा मळू नये म्हणून पाटीही ठरली, 'फक्त रहिवासी व पाहुण्यांसाठी'. मला रविवारी भंगारात द्यायचं होतं.

सूचनांसाठी भिंतीवर कोरा कागद लावला. कुणी त्यावर फिशटँक लिहिला, कुणी कारंजं. एका सकाळी शाळेला निघताना रुचिराने तो कागद काढून माझ्या हातावर ठेवला आणि तळाशी लिहिलं, 'वनमालामावशी रहिवासी नाहीत, पाहुण्याही नाहीत. मग त्या कुठे बसतील?' नाव मात्र लिहिलं नाही. बाबांच्या आराखड्याला नावं ठेवायची तिला भीती वाटत होती.

मीटिंग लॉबीतच भरली. सेक्रेटरी श्यामकांतरावांनी ती ओळ वाचली आणि कुणी लिहिली ते विचारलं.  माझ्यामागे उभ्या रुचिराने माझी पाठ घट्ट धरली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी कुंदाकाकू म्हणाल्या, "मी लिहिली."

"तू? इतकं वळणदार अक्षर तुझं कधीपासून?"

"आजपासून. आता उत्तर द्या."

सगळे हसले. विद्याधरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाटी नको आणि सोफाही नको.

आता माझा वेत नवा आहे. शेजारी माझ्यासारख्याच आणखी दोघी आहेत. भिंतीला हळदीसारखा पिवळा रंग दिलाय. कुरियरवालाही घोटभर पाणी पिऊन टेकतो. वनमालाताई पदराने माझे हात पुसतात, मगच बसतात. एका खुर्चीने आणखी काय मागावं?

रुचिराला अजून वाटतं, बाबांना काही कळलं नाही. म्हणून एवढं तिच्या कानावर घाला. काल संध्याकाळी विद्याधरराव एकटेच माझ्यावर बसले होते. त्यांनी पाकिटातून तोच कागद काढला, त्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि...

"रुचिरा, ती खुर्ची जरा पंख्याखाली घे गं, वनमालाताई आल्यात."

ही त्यांचीच हाक. बघा, रुचिराने मला उचललंसुद्धा. तर काल ते स्वतःशीच म्हणाले, 'माझ्या पोरीने लिहिलंय हे, मला न दिसलेलं तिला दिसलं.'