गुडघ्याला आलेले वाटे

होडीत मासळी निवडताना मी गुडघा नेमका शिंगाळा माशाच्या काट्यावर टेकवला. आठवड्यात तो पपईएवढा फुगला आणि आम्हा दोघांना पनवेलच्या दवाखान्यात खाट मिळाली. भेटायला येणारे आधी गुडघ्याची विचारपूस करत, मग माझी.

तापात डोळे मिटले की गुडघा माझ्यावाचून होडी काढायचा. पाणी दुधासारखं संथ. न्हावाशेव्याच्या नव्या बंदरातली जहाजं बाजूला सरून त्याला वाट द्यायची. मी काठावरून हाका मारायचो. तो जाळं सोडत राहायचा.

डॉक्टर आशालताबाईंनी सुईने सांध्यातलं पाणी काढलं. गढूळ, पिवळं, पेजेसारखं दाट.

"तपासायला पाठवते. आधी काही औषध दिलंत का?"

"नाय वो बाई," माझी आई, मैना, म्हणाली.

तपासणीत जंतू उगवलाच नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, संधिवात असेल, घरी पाठवा. आशालताबाई मात्र खाटेपाशीच घुटमळल्या. "आत पू असेल तर सांधा कुरतडला जाईल. गुडघा कायमचा ताठ होईल."

ताठ पायाचा माणूस डुलत्या होडीवर उभा राहू शकत नाही. फार तर डोलकाठी म्हणून कामाला लागतो.

तेवढ्यात आईने पदराची गाठ सोडून माझ्या तोंडात एक कॅप्सूल टाकली.

"अहो, हे काय देताय?"

"ह्यो भामाच्या घरचा वाटा. कालचा शेजारच्या मालूच्या दाढदुखीतला उरलेला."

आमच्या आळीत कुणी आजारी पडलं की घरोघरून उरलेल्या गोळ्या येतात, मासळीच्या वाट्यासारख्या. वाटा परत करत नाहीत.

"मी विचारलं होतं ना, औषध दिलंत का?"

"औषध तुमी देता, बाई. ह्या शेजाऱ्यांनी दिल्या."

आशालताबाईंनी तपासणीचा कागद पुन्हा उघडला. "म्हणून जंतू उगवला नाही! अर्धमेला केलात त्याला, मारला नाहीत. आजच गुडघा उघडून धुवायचा."

"पाय वाचंल ना माझ्या पोराचा?"

"आता हे वाटे थांबवलेत तर."

भूल चढताना कुणीतरी म्हणालं, मिठाच्या पाण्याने धुतोय. मला बरं वाटलं. सगळा सांधा उघडा, आणि त्यातून भरती आत येतेय, गढूळ सगळं घेऊन परत जातेय. पुन्हा येतेय.

मग कितीतरी दिवस इंजेक्शनं. एका सकाळी आशालताबाई म्हणाल्या, "कुंदन, वाकव."

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गुडघा थरथरला, करकरला, थोडा वाकला. उकिडवं बसण्याइतका नाही.

"आई, बघ."

"तू सांग आदी."

मी खाटेवरून उतरलो, पाय फाकवून उभा राहिलो आणि हळूहळू डुलू लागलो. फरशी खालून डावी-उजवी होत होती.