थोरल्यांच्या पदकाची ऊब

लिलावगृहाच्या दारात सुरू झालेली रांग जिना उतरून फुटपाथवर आली होती आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरली होती. वरच्या मजल्यावर थोरल्यांची युद्धपदकं मांडली होती. थोरले म्हणजे ज्यांच्या नावाचे रस्ते, पूल आणि दवाखाने देशभर आहेत ते. पुढे त्यांनी देश चालवला, पण तरुणपणी साधे शिपाई म्हणून लढले होते. त्यांची पदकं आता विक्रीला निघाली होती. रांगेतल्या बहुतेकांना ती विकत मात्र घ्यायची नव्हती. ज्या घरातलं माणूस लढाईत गेलंय, त्या घरच्या हातात थोरल्यांचं पदक तापतं आणि राख सोडतं, ही बातमी शहरभर झाली होती. लोक ती ऊब घ्यायला आले होते.

बाई रांगेत नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे निम्म्या शहराच्या त्या 'बाई'च होत्या आणि त्यांचे यजमान सगळ्यांचे तात्या. त्यांचा एकुलता मुलगा सैन्यात होता. मागच्या हिवाळ्यात तो गेला. सरकारकडून त्याचं चांदीचं पदक घरी आलं आणि कपाटात गेलं.

तेव्हापासून बाईंना काही वाटायचंच बंद झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. स्वयंपाक होत होता, कपडे वाळत होते, भेटायला येणाऱ्यांना चहा मिळत होता. तात्यांचं मात्र गेल्या आठवड्यापासून बदललं होतं. ते रोज इथे येत, घरी जाऊन पोटभर जेवत आणि शांत झोपत. आपला मुलगा बोलत नाही गं, पण हात धरतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आज त्यांनी बाईंनाही ओढून आणलं होतं.

दाराशी एका गोड बोलणाऱ्या मुलीनं पाणी दिलं. खुर्ची हवी का, असं विचारलं. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, घरचं कुणी सैन्यात होतं का. तात्यांनी सगळं सांगितलं. मुलगी हळहळली आणि आत जाऊन आली.

आत पदकांचा मालक उभा होता. लोक त्याला पारखी म्हणत. पांढरेशुभ्र हातमोजे, दबका आवाज. थोरल्यांच्या घरच्यांनी ही पदकं आमची नव्हेतच असं वर्तमानपत्रात सांगितलं होतं. खरी पदकं कधीच हरवली, आणि त्यांच्या कडेला थोरल्यांचं नाव कोरलेलं होतं, इथे तर कड कोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. पारख्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"ताई, कागद काय, कुणीही टंकून देतो," तो बाईंना म्हणाला. "ही शुद्ध चांदी आहे. चांदी सगळं लक्षात ठेवते. कोण आपलं, कोण परकं, तिला बरोबर कळतं."

चांदीची स्मरणशक्ती इतकी दांडगी असेल तर तिला थोरल्यांचं नाव तेवढं कसं आठवत नाही, असं बाईंच्या मनात आलं. पण बोलायचा कंटाळा आला होता.

त्यांच्या पुढच्या माणसाला पदक गारच लागलं. त्याच्या घरचं कुणी सैन्यात नव्हतं. बाईंसाठी पारख्यानं तबकातलं दुसरं पदक उचललं. प्रत्येक पदक जाड पितळी पट्टीवर घट्ट बसवलेलं होतं. त्यानं एका बाटलीतल्या पाण्यानं फडकं ओलं केलं, आधीच्या हातांचा घाम नको म्हणून पदक पुसलं आणि बाईंच्या मुठीत दिलं. थोड्याच वेळात ते कोमट झालं, मग चांगलंच गरम. मूठ उघडली तर करडी राख उमलली होती. मागच्या बायकांनी हात जोडले. तात्या बाईंच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्या डोळ्यांत काही आलं नाही. पदक गरम आहे, एवढंच त्यांना कळलं.

"मुलाचं पदकही आणा," पारखी तात्यांना म्हणाला. "थोरल्यांच्या शेजारी ठेवू. आणि उद्या बोली सुरू व्हायच्या आधी उभं राहून चार शब्द सांगा. बापाच्या शब्दापुढे वर्तमानपत्रं काय टिकणार?"

घरी आल्यावर तात्यांनी कौतुकानं उजवा हात पुढे केला. त्यांची सोन्याची अंगठी एका बाजूनं पांढरी पडली होती. थोरल्यांची चांदी आपल्या सोन्याला भेटली, असं ते म्हणाले. बाईंनी तो हात दिव्याखाली धरला. तळव्याची कातडी सोलवटली होती. फार वर्षांपूर्वी शाळेत एका मुलीनं फुटलेल्या तापमापकातला पारा बोटानं गोळा केला होता आणि तिची अंगठी अशीच पांढरी झाली होती. सोन्याला असं करणारी वस्तू पाराच. मग हातमोजे कशाला, बाटली कशाला, पदक पट्टीवर का बसवलंय, हे सगळं बाईंच्या डोक्यात आपोआप जागच्या जागी जाऊन बसलं. त्यांनी आधी तात्यांचे हात साबणानं धुतले, अंगठी काढून ठेवली आणि मग सांगितलं, की ही फसवणूक आहे, उद्या साक्ष देऊ नका.

तात्यांनी हात सोडवून घेतला.

"तुला काही वाटत नाही," ते म्हणाले, "म्हणून मलाही वाटू नये का?"

हे लागायला हवं होतं. लागलं नाही. बाईंनी जेवणाची ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे बोली लावणारे, मागे वार्ताहर आणि कडेला शहिदांच्या घरची माणसं. काचेच्या पेटीत थोरल्यांच्या पदकांशेजारी मुलाचं पदक ठेवलेलं होतं. लिलावगृहाच्या व्यवस्थापकानं तात्यांचं नाव पुकारलं. तात्या उठायच्या आत बाई उठल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण होतं.

त्यांनी पारख्याकडे ते फडकं मागितलं. फडकं थोरल्यांच्या सेवेतलं आहे, कुणाच्याही हाती देता येत नाही, असं तो म्हणाला. लिलावगृहाची अब्रू पणाला लागलेली असल्यानं व्यवस्थापक आधीच धास्तावलेला होता. द्या हो त्यांना, असं त्यानं बजावलं.

"हातमोजेही द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही उघड्या हातानं ते फडकं का धरत नाही, ते मला माहीत आहे."

बाईंनी हातमोजे चढवले, किल्लीनं झाकण खरवडलं, त्यावर बाटलीतलं पाणी घेतलेलं फडकं फिरवलं आणि झाकण टेबलावर ठेवलं. मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या. वर्गात प्रयोगाला वेळ लागला, की अशाच उभ्या राहायच्या. खरवडलेल्या जागेवर हळूहळू करडं काहीतरी उगवलं, शेवाळासारखं. व्यवस्थापकानं रुमाल मध्ये घालून झाकण उचललं आणि लगेच खाली टाकलं. चटका बसला होता.

"हे झाकण कुठल्या लढाईत होतं?" मागून एका वार्ताहरानं विचारलं.

बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. बाटलीत पाऱ्याचा क्षार विरघळवलेला आहे. तो विषारी आहे. ॲल्युमिनियमला लागला की त्याच्या अंगावरचा संरक्षक थर टिकत नाही, हवा आणि ओल त्याला खाऊ लागतात. त्यात उष्णता निघते आणि ही राख तयार होते. शिपायाच्या बापाच्या हातात होतं, तसंच चोराच्या हातात होईल. इतरांना दुसरं पदक देत होते, साध्या पाण्यानं पुसलेलं. कुणाला कुठलं द्यायचं, ते दारातच विचारून घेत होते.

"चांदीवर यातलं काहीही होत नाही," त्या म्हणाल्या. "पदक तापलं, याचा अर्थच ते थोरल्यांचं नाही. वजन कळू नये म्हणून ते पितळेवर बसवलंय. काढून बघा."

व्यवस्थापकानं पदक पट्टीवरून उपटलं. ते बाटलीच्या बुचासारखं हलकं होतं. त्यानं शेजारचं मुलाचं पदक दुसऱ्या हातात घेतलं आणि दोन्ही हात तसेच धरून उभा राहिला. मग मुलाचं पदक तात्यांना परत दिलं. पारखी म्हणत होता, की त्यालाही कुणीतरी असंच फसवून विकलं. दारातली मुलगी केव्हाच निघून गेली होती. लिलाव रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि बाटली ताब्यात घ्यायला पोलिसांना बोलावलं गेलं.

कडेला बसलेल्यांपैकी एक आई उभी राहिली. माझ्या हाताला ऊब लागली होती, ती खोटी कशी म्हणू, असं तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग होता.

"ऊब खरीच होती," बाई म्हणाल्या. "ती कशानं आली, एवढंच विचारायचं आपण विसरलो. आपलं माणूस गेलंय म्हणून प्रश्न विचारायचे थांबवू नका. उलट जास्त विचारा. जो आधी आपलं दुःख विचारून घेतो आणि मग तेच चमत्कार म्हणून परत देतो, त्याला विचारा. त्याला राग आला, तरी विचारा. आणि आता सगळ्यांनी हात धुवा, डॉक्टरला दाखवा. हे विष आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं एकेक करून उठली. कुणी साडीला हात पुसत होतं, कुणी हात अंगापासून लांब धरून चाललं होतं.

मागच्या बाजूच्या बेसिनपाशी बाईंनी तात्यांच्या बोटांना साबण लावला.

"खरी चांदी कशी लागली असती?" तात्यांनी विचारलं.

"आधी गार. ती हाताची ऊब पटकन घेते. मग थोड्या वेळानं हाताइतकीच होते."

"म्हणजे ऊब आपलीच."

"आपलीच."

तात्यांनी नळ बंद केला. "तो आलाच नव्हता," ते म्हणाले.

"नाही. तो गेला."

हे मोठ्यानं म्हणायची दोघांचीही पहिलीच वेळ होती. दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिले, आता काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. बाईंनी त्यांची बोटं एकेक करून पुसली आणि ते डॉक्टरकडे निघाले.